पाय ठीक आहेत

वडिवळे,
१२ जानेवारी २०२५

संदेश,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. मला पत्र लिहायची सवय नाही. कंपनीत तपासणीचे रिपोर्ट लिहितो, तेवढंच. तेव्हा गोड काही वाचायला मिळेल असं समजू नकोस.

सोबत तक्रारीचा कागद आहे. खाली पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. ऑनलाइन समुपदेशनाचं खातं तुझ्या नावावर आहे, म्हणून तुझी सही लागते. माझी चालत नाही म्हणतात. बायको माझी गेली आणि सही मेव्हण्याची पाहिजे. असले त्यांचे नियम.

कागदात काय लिहिलंय ते इथेच सांगतो, म्हणजे न वाचता सही घेतली असं नंतर म्हणायला नको. २०२३ च्या भाऊबीजेला तू बहिणीला ओवाळणीत साडी दिली नाहीस. तिच्या डायबिटीससाठी वर्षभराचं ऑनलाइन समुपदेशन दिलंस. तू लोणावळ्यात जे बंगले सांभाळतोस त्यातल्या कुणा मुंबईच्या पाहुण्याने तुला सांगितलं म्हणे, फार उत्तम, घरबसल्या सगळं होतं. झालं. घरबसल्या साखर उतरली, ते मी नाकारत नाही. आणि घरबसल्या पाय सडला. नऊ नोव्हेंबरला तळेगावच्या दवाखान्यात ॲडमिट केली, घोट्याच्या वर पाय काढला, एकोणीसला ती गेली. बावन्न वर्षांची होती.

वर्षभर ती समुपदेशक बाई, इंद्रायणी मॅडम, व्हिडिओवर येत होती. भात किती, भाकरी किती, चाललात किती, झोप किती. पायाला एवढी जखम झाली आणि तिला पत्ता नाही. डायबिटीसच्या माणसाचे पाय बघायचे असतात हे मला दवाखान्यातल्या शिकाऊ पोराने सांगितलं. मग ही कशाचा पगार घेत होती? माझी मागणी एकच आहे, तिला कामावरून काढा. मी फोनवर तोंडी तक्रार केली, म्हणून सध्या तिला कॉल देणं थांबवलंय. चौकशी वीस फेब्रुवारीला आहे. त्याआधी तुझी सही गेली तर तिची नोकरी जाईल. नाही गेली तर ती पुन्हा कुणाच्या तरी घरात फोनवरून बसेल आणि भाकऱ्या मोजेल.

दहाव्याला घाटावर मी तुला जे बोललो ते मागे घेत नाही. "तुझ्या ओवाळणीनं तुझी बहीण खाल्ली" असं बोललो, शंभर माणसांत बोललो. मी कमी बोलतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं असणार. राहू दे.

सही कर.

अंबाजी


वडिवळे,
२३ जानेवारी

संदेश,

सही आली नाही. शैलाचा फोन आला. तुझी बायको तुझ्यापेक्षा धीट आहे. म्हणाली, "दाजी, ते नीट जेवत नाहीत. ताट वाढलं की भाऊबीजेचं ताट समोर आल्यासारखं करतात आणि उठून जातात. तुम्ही तसं बोलायला नको होतं."

मी म्हटलं, "मग त्याला सही करायला सांग."

ती म्हणाली, "सहीनं ताई परत येणार आहेत का?"

"आणि जेवणानं येणार आहे का?" मी म्हटलं आणि ठेवून दिला.

मी वाईट बोललो हे मला कळतं. पण मला आता चांगलं बोलता येत नाही.

शैलाच्या बोलण्यावरून वाटलं की तुमच्याकडे अशी समजूत आहे, मी इकडे लक्ष दिलं नाही. म्हणून कसं चालायचं ते सांगतो. पहिले तीन महिने दर मंगळवारी आणि नंतर एकाआड एक मंगळवारी संध्याकाळी साडेसातला कॉल असायचा. मी कंपनीच्या बसने सहाला घरी येतो. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसायचो. मोबाइल माझाच होता, तिच्याकडे साधा फोन होता. मोबाइल डब्यांच्या फळीला टेकवून ठेवायचा, म्हणजे चेहरा नीट दिसतो. सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून साखर मीच बघायचो आणि मीच ॲपमध्ये भरायचो. ताटाचा फोटो काढून पाठवायचा तोही मी. मी पस्तीस वर्षं व्हर्नियर घेऊन लोखंडाचे तुकडे मोजले आहेत. मोजण्यात माझी चूक होत नाही. जानेवारीत रक्ततपासणीत तिच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी साडेनऊ टक्के होती, जुलैत सात पूर्णांक एक. ॲपमध्ये रेघ हिरवी झाली आणि टाळ्या वाजवणारे दोन हात आले. मी सविताला दाखवले. ती म्हणाली, "ह्ये कुनाचं हात?"

पहिल्याच कॉलला ती खूप हसली होती. बाईने नाव सांगितलं इंद्रायणी, आणि लगेच सांगितलं की भात कमी करा. आपल्याकडे इंद्रायणी भाताशिवाय दुसरं काय पिकतं? सविता पदर तोंडाला लावून मला म्हणाली, "अवो, इंद्रायणीच म्हणती इंद्रायणी खाऊ नगा." ते बाईला ऐकू गेलं. तीही हसली. म्हणाली, "ताई, एक वाटी खा की. माझ्या नावाची एक वाटी." त्यानंतर सविता ताटात एकच वाटी घ्यायची. तिसऱ्या घासाला संपायचा तो भात.

ती लाजायची बोलायला. बाईचं बोलणं पुण्याचं. म्हणून मी बोलायचो. त्यात काय वाईट? हे सगळं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. आता सही पाठव.

अंबाजी


वडिवळे,
४ फेब्रुवारी

तुझं पाकीट मिळालं. सहीचा कागद कोराच परत आला. आत एक पेन ड्राइव्ह, समुपदेशनवाल्या कंपनीने छापून दिलेले काही कागद आणि तुझी चिठ्ठी. "दाजी, आधी ऐका. मग सही मागा."

एवढंच? तीन महिन्यांत तुला माझ्याशी एवढंच बोलायचं होतं?

शैलाला विचारलं तर म्हणाली, सगळे कॉल रेकॉर्ड होतात, खातं तुझं असल्याने तू मागितले आणि त्यांनी दिले. छान केलंस. पण मी कशाला ऐकू? मी तिथे बसलो होतो. रेकॉर्डिंग त्याने ऐकावं जो नव्हता. तू नव्हतास. तू लोणावळ्यात लोकांच्या गाद्या झटकत होतास.

आणि समजा बाईने एखाद्या वेळी पायांचं विचारलंही असेल. विचारायचं म्हणून विचारलं असेल. त्यांच्या समोर प्रश्नांची यादी असते, ती वाचून दाखवतात, पुढे जातात. कंपनीत आमच्याकडेही नवीन पोरं अशीच मशीन न बघता चेकलिस्टवर खुणा करतात. मी त्यांना दोन वेळा परत पाठवतो, तिसऱ्या वेळी लिहून वर कळवतो. हिचं मी तेच केलंय.

कागद पुन्हा पाठवतोय. वीस तारखेला सोळा दिवस आहेत.

अंबाजी


वडिवळे,
९ फेब्रुवारी, रविवार

संदेश,

ऐकलं.

आमच्या पिंकीला सासरहून, सुदुंबऱ्याहून लॅपटॉप घेऊन बोलावलं होतं. तिची सासू म्हणाली जेवायला घालूनच पाठवते, म्हणून ती दुपारी आली. मी कागद घेऊन बसलो होतो. डाव्या बाजूला बाईने काय विचारलं, उजव्या बाजूला काय विचारायला हवं होतं. चौकशीत उपयोगी पडेल म्हणून.

चार-पाच कॉल झाले तेव्हा पिंकी म्हणाली, "बाबा, यात आई कुठाय?"

मी म्हटलं, "आहे की. मागे आहे."

"मग बोलत का नाही?"

मी म्हटलं, "पुढे बोलेल."

पुढेही तेच. बाई म्हणते, "सविताताई, या आठवड्यात कसं वाटलं?" आणि माझा आवाज येतो. "ताई, झोप लागते का?" माझा आवाज. "ताई, लघवीला जळजळ, खाज असं काही?" माझा आवाज, "काही नाही, सगळं नॉर्मल." मला काय माहीत होतं रे? मी तिला कधी विचारलं होतं? गावात मला मुका म्हणतात. लग्नाला गेलो तर कोपऱ्यात बसतो. आणि त्या लॅपटॉपमधून दोन तास एकच माणूस बडबडत होता, तो मी होतो. सविताचं बोलणं सगळं मिळून पाच मिनिटंही भरणार नाही. त्यातलं अर्धं पहिल्या दिवशीचं, भाताचं.

आता चोवीस सप्टेंबरचा कॉल. तू ऐकलाच आहेस. तरी मी लिहितो, माझ्या हाताने.

बाई म्हणते, "ताई, नवरात्र आलं. उपवास धरणार का?"

मी म्हणतो, "धरते. पण माझं लक्ष आहे. साबुदाणा बंद, भगर मोजून."

"छान, सर. आणि अजून एक. काही जणी नऊ दिवस अनवाणी राहतात. तुमच्याकडे आहे का तसं? पायाला संवेदना कमी असते, म्हणून विचारते."

"नाही नाही, मॅडम. आमच्यात तसलं अडाण्यासारखं काही नाही."

मागे भांडं खाली ठेवल्याचा आवाज येतो.

तुला मी काय सांगू? तुमच्याच घरची रीत ती. तुझी आई घटस्थापनेला चपला काढायची ती दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर घालायची. सविता लग्न होऊन आली त्या वर्षापासून तेच करायची. तेहेतीस वर्षं. मी बघत नव्हतो काय? त्या दिवशी ती माझ्यामागे चार हातांवर उभी होती, आणि मी बाईला सांगितलं की आमच्यात तसलं काही नाही.

का सांगितलं, तर बाई मला सर म्हणायची. कंपनीत मला पस्तीस वर्षांत कुणी सर म्हटलं नाही. अंबाजी, अंबू, वडिवळेकर, असंच. बाई पहिल्या दिवसापासून सर म्हणाली. "सर, तुम्ही किती व्यवस्थित नोंदी ठेवता." तिच्यासमोर मला अनवाणी बायकोचा नवरा व्हायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

बावीस ऑक्टोबर. बाई विचारते, "ताई, पाय रोज बघता ना? तळवे, बोटांमधली जागा?"

मग सविता. "व्हय. ते म्हणले ना, तसंच हाय सगळं."

"म्हणजे ठीक आहेत?"

मी म्हणतो, "पाय ठीक आहेत हो. पुढचं विचारा."

पिंकीने ते तीन वेळा मागे नेऊन लावलं. मी तिला थांब म्हणालो नाही.

पाच नोव्हेंबर. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. त्या भाऊबीजेला तिने तुला मोजे घालून ओवाळलं होतं, तू हसला होतास, "ताई, काश्मीरला निघालीस का?" आणि मीही हसलो होतो. या कॉलमध्ये बाई म्हणते, "सर, उपाशीपोटी दोनशे अठ्ठेचाळीस आलीय. इतके महिने छान होती. ताप आहे का? कुठे जखम, फोड?"

मी म्हणतो, "दिवाळी झाली, मॅडम. फराळ. बायका ऐकतात का?" आणि हसतो.

"सर, मी ताईंशी दोन मिनिटं एकटीशी बोलू का? तुम्ही जरा बाहेर जाल?"

"माझ्यासमोर बोला. आमच्यात लपवाछपवी नसते."

"तरी, प्लीज."

"मॅडम, घर माझं आहे."

"बरं. मग कॅमेरा जरा पायांकडे न्याल का?"

"आत्ता कापणीतून आलीय. चिखलाचे पाय आहेत. पुढच्या वेळी बघू."

"सर, दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. नक्की."

"बघू."

चार दिवसांनी तिला शुद्ध नव्हती तेव्हा मी गाडी बोलावली.

कंपनीचे छापील कागदही वाचले. बाईने प्रत्येक कॉलनंतर नोंद केलीय. पाय: ठीक, पतीने सांगितले. पाय: ठीक, पतीने सांगितले. पानंच्या पानं. पाच तारखेला, पाय: पाहू दिले नाहीत, पतीने नकार दिला, डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. माझ्या उजव्या बाजूच्या रकान्यात लिहायला काही उरलं नाही.

मला तिचाही राग आहे, हे लिहून ठेवतो. लिहीत बसली. अठरा वेळा "पतीने सांगितले" लिहिते, तिला कळत होतं ना? मग माझ्यावर ओरडली का नाही? तुला फोन का केला नाही? खात्यावर तुझाच नंबर होता. सर म्हणणं सोडून एकदा तरी गप्प बसा म्हणाली असती.

आणि तुझा राग आहे. शैला म्हणते तू हे डिसेंबरात ऐकलंस. म्हणजे मी पहिलं पत्र टाकलं तेव्हा तुला सगळं माहीत होतं. शंभर माणसांत मी तुला बोललो ते तू गिळून बसलास, जेवण सोडलंस, पण इथे येऊन माझ्या कानाखाली मारली नाहीस. का? दाजी म्हणून? तिनेही तेच केलं. तुम्ही बहीण-भाऊ सगळे एकाच मातीचे. माझा मान ठेवता. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

अंबाजी


वडिवळे,
१३ फेब्रुवारी

संदेश,

रविवारच्या पत्राला उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. एक गोष्ट राहिली होती ती लिहितो.

तिने मला का सांगितलं नाही, हे डोक्यातून जाईना. मला भिऊन राहावं असा मी नाही. हात कधी उचलला नाही, हे तुलाही माहीत आहे. म्हणून काल कस्तुराबाईंकडे गेलो. आमच्या शेजारचं घर, शेताचा बांधही एकच. दोघी कापणी-लावणीला बरोबर असायच्या. रागातच गेलो होतो. म्हातारी तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही तिने.

मी विचारलं, "मावशी, तुम्हाला तिच्या पायाचं माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"सातव्या माळंला कारल्याला गेलतो न्हवं आमी, एकवीरेला. उन्हाचं. पायऱ्या नुसत्या तापल्याल्या. खाली आलो तर तिच्या तळव्याला ह्येवढा फोड. तिला कळलंबी न्हाई. मीच म्हणलं, आगं सविता, तुजा पाय बग."

"मग?"

"मग काय. हळद लावली. बरा व्हत आलता. कापणीला चप्पल गाळात रुतती म्हणून काढली, आन् धसकट घुसलं त्यातच."

धसकटाचा तो तुकडा मी पाहिलाय. डॉक्टरांनी ट्रेमध्ये ठेवला होता. बोटाच्या पेराएवढा. तीन आठवडे तो आत होता आणि ती त्यावर चालत होती.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

तेव्हा तिने सूप ठेवलं. "तुमाला? तुमी कुनाचं आयकून घेता व्हय, अंबाजीराव? मान हालवता आन् जाता."

"तिला तरी सांगायचं, त्या फोनवरच्या बाईला दाखव म्हणून."

"सांगितलं की! म्हणलं, ती बाई कशापायी हाय मग? दाव तिला. तर म्हणती कशी, 'मावशी, ह्यांनी बाईला सांगितलंय आमच्यात कुनी अनवानी चालत न्हाई. आता मी फोड दावला तर ती इचारंल कशानं झाला. मग ते खोटं पडतील. त्यांना ती सर म्हणती.'"

म्हातारीने सूप पुन्हा उचललं. मला बस म्हणाली नाही.

मी तिथून शेतावर गेलो. आता तिथे काही नाही, पावटा पेरलाय तेवढाच. मला सविताचा इतका राग आला, संदेश, की मी मोठ्याने बोललो. बांधावर कुणी नव्हतं. मी म्हटलं, मी खोटा पडलो असतो तर काय झालं असतं? बाई दोन मिनिटं गप्प बसली असती. मला लाज वाटली असती, एक दिवस, दोन दिवस. मग मी दुसरा धुतलेला शर्ट घालून पुन्हा बसलो असतो. तेवढ्यासाठी पाय दिलास? माझ्या शब्दाला एवढी किंमत कधीपासून आली? मी तर तो टाकताना मोजलाही नव्हता.

हे मी तिच्यासमोर, ती असताना, बोललो असतो तर बरं होतं. तेहेतीस वर्षांत मी तिच्याशी एवढं सलग बोललो नाही. बाईशी बोललो.

अंबाजी


वडिवळे,
१७ फेब्रुवारी

संदेश,

तक्रारीचा माझ्याकडचा कागद मी फाडला, तुझ्याकडचा तू फाड. तू सही केली नाहीस ते बरं केलंस. ते चांगुलपणाने केलंस की मला ऐकायला लावायचं म्हणून, ते मला माहीत नाही आणि विचारणार नाही.

काल तुझ्या धोंडिबामामांकडे गेलो होतो. दहाव्याला घाटावर ते माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना सांगितलं की संदेशला बोललो ते खोटं होतं, सविता माझ्यामुळे गेली, कशी ते ऐका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता सांगून काय उपेग, अंबाजी?"

मी म्हटलं, "उपयोगासाठी सांगत नाही, मामा. त्या दिवशी जे होते त्यांची नावं सांगा."

"शंभर मान्सं व्हती. सगळ्यांच्या दारात जानार का?"

"जातो."

"येडा का काय तू? दोघा-चौघांस्नी सांग, बाकीचं आपसूक कळंल."

"त्या दिवशीचं आपसूक नव्हतं कळलं. मी ओरडलो होतो."

त्यांनी अकरा नावं सांगितली. पाच झाली. एकाने दार लावून घेतलं, एकाने चहा केला. चहा प्यायला जास्त जड गेलं. पिंकीच्या सासरी मी स्वतः सांगितलं. पिंकी अजून माझ्याशी बोलत नाही. तिला कुणी समजावू नका. तुम्ही लोक समजावता आणि समजून घेता, त्यानेच माझ्यासारखी माणसं पोसली जातात.

तुझी माफी मागत नाही, कारण मागितली तर तू देशील. शैलाला सांग, तू जेवला नाहीस तर मी लोणावळ्याला येऊन समोर बसेन. धमकी समज.

समुपदेशनवाल्या कंपनीला नवीन पत्र लिहिलंय. त्यावर तुझी सही लागत नाही. खातं कुणाचंही असो, हे मी बोललो होतो, तेव्हा माझीच पुरे. आज रजिस्टरने पाठवलं. त्याची नक्कल खाली उतरवतो. भाषा माझीच आहे, पिंकीने किंवा कुणी सांगितलेली नाही.

"माझी बायको सविता हिच्या मृत्यूबद्दल समुपदेशक इंद्रायणी मॅडम यांच्यावर केलेली तक्रार मी मागे घेत आहे. माझ्या मेव्हण्याचा त्या तक्रारीशी संबंध नव्हता. दिनांक २४ सप्टेंबर २०२४ रोजी मॅडमनी विचारले की सणात अनवाणी चालता का. मी नाही म्हणालो. ते खोटे होते. त्यानंतर माझी बायको ते खोटे सांभाळत राहिली. दिनांक ५ नोव्हेंबर रोजी मॅडमनी मला बाहेर जायला सांगितले. मी गेलो नाही. पाय दाखवायला सांगितले. मी दाखवू दिले नाहीत. डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. मी नेले नाही. मॅडमना वीस तारखेच्या चौकशीला बोलावू नये. बोलवायचे तर मला बोलवा, मी रजा टाकली आहे.

"एक सांगणे आहे, ते तुमच्या प्रश्नांच्या यादीत सर्वांत वर घालावे. ज्याला डायबिटीस आहे त्याच्या हातात फोन द्यायला लावा. घरच्या माणसाला बाहेर पाठवा. तो म्हणेल आमच्यात लपवाछपवी नसते. तो म्हणेल घर माझे आहे. त्याला सर म्हणू नका. तो गेला नाही तर कॉल बंद करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, तो कंपनीत असेल तेव्हा. माझ्यासारखा माणूस फार चिडेल. तुमच्यावर तक्रार करेल. चिडू द्या."

अंबाजी